सुट्टीचा वर्ग

मुनीराभाभीला सुट्टी आवडत नसे. दिवाळीची नाही, मेची नाही, जोडून आलेल्या शनिवार-रविवारचीसुद्धा नाही. सुट्ट्यांची यादी लागली की मुलं नाचायची, आम्ही शिक्षक मनातल्या मनात नाचायचो, आणि संध्याकाळी मुनीराभाभी दुकानाच्या पायरीवरून मला हाक मारायची, "बाई, यंदा मेची सुट्टी दोन दिवस जास्त हाय. मागल्या वर्षी एवढी नव्हती." ती खरंच मोजायची. मुख्याध्यापकांना कागद काढून बघावं लागे ते तिला तोंडपाठ असे.

मुनीरा हे तिचं खरं नाव नाही. तिच्या घरच्यांची नावंही मी बदलली आहेत. लिहिते आहे ते तिला विचारून.

मी तेव्हा श्रीवर्धन तालुक्यात, बोर्ली पंचतनपासून जवळच्या एका गावात प्राथमिक शाळेत शिकवत होते. मूळची मी पेणकडची, मिठागरवाल्यांच्या घरातली. नवऱ्याची नोकरी पेणलाच. मी आणि माझी मुलगी इथं भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो आणि तो शनिवारी एसटीनं यायचा. शाळेच्या वाटेवर मुर्तझाभाईंचं हार्डवेअरचं दुकान होतं. गाव त्याला 'बोहऱ्याचं दुकान' म्हणे. खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे, होड्यांना लागणारे नायलॉनचे दोर. दुकानामागं घर. घरात मुर्तझाभाई, त्यांची आई, बायको मुनीरा आणि एकुलती मुलगी अरवा.

दुपारी मुर्तझाभाई जेवायला आत गेले की मुनीराभाभी दुकानात उभी राही. उंच, काटक बाई. त्यांच्यातल्या बायका घालतात तो फुलाफुलांचा, झालरीचा रिदा अंगावर, आणि बाह्या कोपरापर्यंत मागं सारलेल्या. तिचं माहेर रेवसकडचं, त्यामुळं मराठी आमच्याकडच्यासारखंच, 'हाय-न्हाय'चं. घरात सासूशी गुजराती, गिऱ्हाइकाशी हे मराठी, आणि चिडली की दोन्ही एकत्र.

खिळ्यांच्या लाकडी खणांवर तिनं स्वतःच्या हातानं मराठीत नावं लिहून चिकटवली होती. आमची ओळख त्या चिठ्ठ्यांवरूनच झाली. एक दिवस शाळेत जाताना तिनं मला थांबवलं.

"बाई, बिजागरीला पहिली वेलांटी का दुसरी?"

"आधी पहिली, शेवटी दुसरी."

"मी दोन्हीकडं दुसरी दिलीय." लगेच तिनं नखानं चिठ्ठी खरवडायला सुरुवात केली.

"राहू द्या हो भाभी, कोण वाचतंय?"

"अरवा वाचते," ती म्हणाली.

अरवा खरंच वाचायची. पहिलीत असताना रस्त्यानं चालताना दिसेल ते मोठ्यानं वाचत जायची. दुकानांच्या पाट्या, एसटीच्या पाट्या, मिठाच्या पुडीवरचा मजकूर. वर्गात पहिल्या बाकावर बसे आणि माझ्या प्रत्येक वाक्यावर तिचा हात वर. "बाई, पण का?" कधीकधी मला कंटाळा यायचा त्या हाताचा. आज हे लिहिताना लाज वाटते.

दुसरीच्या सुरुवातीला एकदा वह्या तपासताना अरवाच्या वहीखाली आणखी एक वही निघाली. खाकी कव्हर, नाव नाही. आत तीच गणितं, तेच शुद्धलेखन, पण अक्षर मोठ्या माणसाचं, दाबून लिहिलेलं. मी अरवाला विचारलं.

"मम्मीची हाय," ती म्हणाली. "तपासाल का, विचारलंय. न्हाय म्हणालात तरी चालंल."

मी तपासली. एक वजाबाकी चुकली होती. त्यावर लाल फुली मारली. दुसऱ्या दिवशी तीच वजाबाकी तीन वेळा बरोबर करून आली. वर्षभर मी त्या दोन वह्या तपासल्या. शिक्षकांच्या खोलीत सांगून हसायचेही, की माझ्या वर्गात पटावर नसलेली एक विद्यार्थिनी आहे, आणि ती कधी गृहपाठ चुकवत नाही.

"भाभी, तुम्ही शाळा किती शिकलात?" मी विचारलं होतं एकदा.

"सातवीतून सुटली."

"का?"

"डोकं चालंना."

जिनं वजाबाकी तीनदा करून पाठवली तिचं डोकं चालत नव्हतं, हे मला पटलं नाही. पण मी पुढं विचारलं नाही.

शाळेतल्या पालकसभेला ती सगळ्यांच्या आधी यायची आणि सगळ्यांच्या मागं, दाराजवळ बसायची. इतर पालक खिचडीवर बोलत, गणवेशावर बोलत. तिनं दोन वर्षांत एकच प्रश्न विचारला. सभा संपत आली असताना उभी राहिली आणि म्हणाली, "पोरींच्या संडासला आतून कडी हाय का?"

मुख्याध्यापक जरा चपापले. कडी होती, पण तुटलेली होती. "बघू, प्रस्ताव पाठवू," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती हजर. हातात नवी कडी, स्क्रू, पेचकस. रिद्याची झालर मागं खोचली, जमिनीवर उकिडवी बसली आणि तिनं स्वतः कडी बसवली. गडी पाठवला नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. मग आत जाऊन कडी लावून पाहिली, काढून पाहिली, असं चार-पाच वेळा केलं. बाहेर मुलींचा घोळका जमला होता.

"पाणी पीत जा गं पोरींनो," ती त्यांना म्हणाली. "आता कडी हाय. दिवसभर कोंडून ठेवू नका. पाणी पीत जा."

मुली फिदीफिदी हसल्या. मीही हसले. मला ती जरा विक्षिप्त वाटायची, आणि म्हणूनच आवडायची.

सुट्टीचा वर्गही तिचीच कल्पना. अरवा बालवाडीतून पहिलीत येणार होती, त्या मे महिन्यात ती माझ्या खोलीवर आली. मी सामान बांधत होते. "बाई, सुट्टीत वर्ग घ्या. सकाळी दोन तास. माझी एक आणि आजूबाजूची चार पोरं मी गोळा करून आणते."

"सुट्टीत कसला वर्ग?"

"कसला बी. गोष्टी सांगा, चित्रं काढून घ्या. पण वर्ग म्हणा त्याला. घरी सांगाया पायजे, वर्ग हाय म्हणून."

मी पेणला जाणं आठ दिवस पुढं ढकललं. मग दुसऱ्या वर्षी तीन आठवडे. मला स्वतःलाच मजा यायला लागली होती. शाळेची किल्ली माझ्याकडं असे. सकाळी ती पोरांची रांग घेऊन यायची, सगळ्यांत पुढं अरवा, आणि दोन तास व्हरांड्यात बसून राहायची. सुट्टीत सासू मुंबईला नातेवाइकांकडं जायची आणि अरवाला नेईन म्हणायची. मुनीराभाभीचं उत्तर ठरलेलं, "बाईंचा वर्ग बुडंल." एकदा तर तिनं मला मुद्दाम सासूसमोर उभं केलं. "बाई, सांगा ना, सुट्टीत खंड पडला तर पोरगी मागं पडते का न्हाय?"

"हुशार आहे तुमची नात," मी म्हटलं. "खंड पडू देऊ नका."

सासू प्रेमळ बाई होती. मला सरबत दिल्याशिवाय सोडायची नाही. नातीच्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "सारूं बेन. भणतर पहेलां." शिक्षण आधी. मुनीराभाभीनं माझ्याकडं पाहिलं आणि एकदम खाली बघून दोराचं वेटोळं सारखं करायला लागली. मला वाटलं, सासूचा धाक असेल.

तिसऱ्या वर्षी अरवा दुसरी पास झाली, वर्गात पहिली आली. मुनीराभाभीला दुसऱ्यांदा दिवस गेले होते, नववा महिना होता, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. आणि त्याच वर्षी माझ्या नवऱ्यानं कितीतरी वर्षांनी सहल ठरवली होती. बारा दिवस. तिकिटं काढून झाली होती. मुनीराभाभीनं दोनदा निरोप पाठवला, बाई, वर्ग घ्याच. मी दोनदा कळवलं, यंदा जमणार नाही.

निघायच्या दिवशी सकाळी मी मुलीला घेऊन एसटीच्या थांब्यावर उभी होते. बाजाराला निघालेल्या चार-पाच बायका होत्या. मुनीराभाभी रस्त्यानं आली. एक हात कमरेवर, एक हात पोटाखाली. धाप लागली होती.

"बाई, आठच दिवस. माझं बाळंतपण व्हईपर्यंत तरी."

"अहो भाभी, तुम्ही उठलात कशाला? आणि जरा खेळू द्या ना पोरीला. सात वर्षांची आहे. लगेच कलेक्टर करायचीय का?"

बायका हसल्या. ती हसली नाही.

"सात वर्षांची हाय म्हणूनच," ती म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग त्या बायकांकडं. ओठ हलल्यासारखे झाले. एसटी आली. बायकांनी पिशव्या उचलल्या.

"काय न्हाय. जा तुम्ही. नीट जा." माझ्या मुलीच्या हातात तिनं खारी बिस्किटांचा पुडा दिला आणि आली तशीच, हळूहळू परत निघाली. मी खिडकीतून पाहिलं. दोन पावलांवर ती थांबली होती, बहुतेक दम खायला. मी मनात म्हटलं, काय ही बाई. एवढा कसला अभ्यासाचा सोस.

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा अरवा आली नाही. पंधरा दिवसांनी आली. मुनीराभाभीला दुसरी मुलगी झाली होती, ताहेरा. घरात बाळंतीण, म्हणून उशीर झाला असेल असं मी धरून चालले. अरवा आली ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली. मी पुढं बोलावलं तर पुढं आली, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा मागं. हात वर होणं बंद झालं. विचारलं तर उत्तर बरोबर द्यायची, पण टेबलाकडं बघून. शाबासकी द्यायला मी पाठीवर हात ठेवला तर अशी दचकली की शेजारच्या मुलीची पाटी खाली पडली. दिवसभर पाणी प्यायची नाही. एकदा बाकावर लघवी झाली तेव्हा वर्ग हसला आणि मी, मी तिला म्हणाले, "एवढी मोठी झालीस, सांगता येत नाही?" महिन्यात आठ-दहा दिवस घरीच. कारण, पोटात दुखतं.

घटक चाचणी झाली. अरवाला निम्मेही गुण नव्हते. प्रगतिपत्रकावर मी लिहिलं, 'अभ्यासातील लक्ष कमी झाले आहे. पालकांनी लक्ष द्यावे.'

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मुनीराभाभी आली. तान्ही ताहेरा खांद्यावर झोपलेली. तिनं प्रगतिपत्रक माझ्या टेबलावर ठेवलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बाई, हे कोणासाठी लिहिलं?"

"रागावू नका भाभी. पण मुलगी एकदम बदललीय. घरी काही झालंय का?"

ती बाकावर बसली. लहान मुलांचं बाक, तिचे गुडघे वर आले. बराच वेळ ती बाळाच्या पाठीवर थोपटत राहिली. मग खालच्या आवाजात बोलली. मध्ये एकदाही थांबली नाही.

"मी सात वर्षांची व्हते. फुई आली व्हती, माझ्या बापाची बहीण. म्हणाली, चल, मुंबईला आइस्क्रीम खाऊ. रेवसच्या धक्क्यावरून लाँचनं गेलो. मी लाँचमधी पुढं उभी राहिले सगळा वेळ. एका घरात नेलं. म्हातारी बाई व्हती. फुईनं माझे हात धरले, आणखी एकीनं पाय. खाली कापतात, बाई. थोडंसंच, म्हणतात. पोरगी पाक, शुद्ध राहते, चांगली राहते, म्हणतात. मग आइस्क्रीम दिलं. खोटं न्हाय बोलली फुई. आइस्क्रीम दिलं."

मी टेबलावरचं प्रगतिपत्रक उलटं ठेवलं.

"मी पयल्या नंबरात व्हते तोवर. मग लघवीला बसलं की आग व्हायची. शाळेतल्या संडासला कडी नव्हती, दार कोणी ढकलंल म्हणून मी जायचेच न्हाय. सकाळपास्नं पाणी प्यायचं न्हाय. ताप यायचा. एकदा वर्गातच झालं. गुरुजींनी उभं केलं तास संपंपर्यंत. बाई काय शिकवतात, गुरुजी काय शिकवतात, माझं ध्यान सगळं दाराकडं. कोण आत येतंय. कोण न्यायला आलंय. असं करत सातवीपर्यंत ओढलं. मग पाळी आली, आणि मी म्हटलं, आता न्हाय जायचं. घरचे काय म्हणाले न्हाईत. पोरीचं डोकं चालत न्हाय म्हणाले."

बाळ हललं. तिनं खांदा बदलला.

"अरवा झाली तवाच ठरवलं व्हतं. हिला न्हाय नेऊ द्यायची. पण सासूला समोर उभं राहून न्हाय म्हणायची हिंमत नव्हती मला. म्हणून शाळा मध्ये घातली. सुट्टीतच नेतात, बाई. शाळा बुडू नये म्हणून सुट्टीत नेतात."

त्या मे महिन्यात काय झालं तेही तिनं सांगितलं. मी गेले त्याच्या चौथ्या दिवशी तिला कळा सुरू झाल्या, मुर्तझाभाईंनी तिला गाडीतून माणगावला दवाखान्यात नेलं. घरी सासू आणि अरवा. सासू म्हणाली, मम्मीला बाळ आणायचंय, आपण दोघी मुंबईला जाऊ. नवा फ्रॉक काढला, बांगड्या काढल्या.

"अरवा म्हणाली, माझा बाईंचा वर्ग हाय. सासू म्हणाली, बाई गावाला गेल्या. अरवाला खरं वाटलं न्हाय. पळत शाळेत गेली बघायला. कुलूप व्हतं. गेटाला धरून उभी व्हती म्हणे. सासूनंच सांगितलं मला कौतुकानं, किती आवड शाळेची. मग हात धरून घेऊन गेली."

मी खुर्चीत बसून होते. बाहेर कोणीतरी पंप मारून पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत होता. मला त्या सहलीतलं काहीएक आठवत नाही. त्या चौथ्या दिवशी मी कुठं होते, काय खाल्लं, काय पाहिलं, काही नाही.

"पोलिसात..." मी सुरुवात केली.

"कोणाला धरणार? सासूला? ती अरवाला मांडीवर घेऊन बसली व्हती, रडत व्हती तिच्यासंगं. तिचं बी झालंय, तिच्या आईचं बी झालंय. तिला वाटतं तिनं नातीचं भलं केलं. आणि बाई, आमच्यात सगळीच घरं करत न्हाईत. माझ्या मावशीनं तिच्या पोरींचं व्हऊ दिलं न्हाय. पण तुम्ही हे बाजारात सांगितलं तर उद्या आमच्या सगळ्यांकडं बोट. नावं ठेवाया लोकांना कारणच हवं असतं. तुम्ही बोलायचं न्हाय."

मी कबूल केलं, बोलणार नाही. आज वाटतं, एवढ्या पटकन कबूल करायला नको होतं. पण तिच्याच घरातली गोष्ट, तिच्या परवानगीशिवाय कशी सांगणार होते?

एवढं मी केलं की माझ्या मुलीला दाखवायच्या निमित्तानं अरवाला आणि भाभीला बोर्लीच्या पुढं एका बाई डॉक्टरांकडं नेलं. अरवाला आत संसर्ग झाला होता. औषधांनी आग थांबली, ताप थांबला. महिन्याभरानं ती रोज शाळेत यायला लागली. मला वाटलं, झालं, आता मुलगी परत पहिल्यासारखी होईल. पहिल्या बाकावरची जागा मी तिच्यासाठी मोकळी ठेवली होती. दोन महिने मोकळी ठेवली. मग दुसऱ्या मुलीला बसवलं.

मुनीराभाभीला याहून मोठी शिक्षा पुढं होती. अरवा तिच्याशी बोलेना. आजीशी बोलायची, पप्पांशी बोलायची, आईशी नाही. "तिला वाटतं मीच पाठवलं," ती मला म्हणाली. "मी दवाखान्यात व्हते, तुला न्हेलं ते मला ठावं नव्हतं, म्हटलं. ती म्हणाली, मग तुला वर्ग कशाला पाहिजे व्हता? तुला ठावं व्हतं." सात वर्षांची पोर, बरोबर हिशेब मांडला तिनं. तिच्या वहीखाली दुसरी वही येणं बंद झालं. मी एकदा विचारलं, तर मुनीराभाभी म्हणाली, "ती तिच्या वहीला हात लावू देत न्हाय."

दोन वर्षांनी माझी पेणला बदली झाली. निरोपाला ती आली नाही. मी दुकानावर गेले तर आत होती, बाहेर आली, ताहेराला कडेवर घेऊन. "जा, बाई," एवढंच. थांब्यावर म्हणाली होती तसंच.

पुढचं मला तुटक तुटक कळत गेलं, फोनवर, कधी वर्षातून एकदा. ताहेरा सहा वर्षांची होऊ घातली तेव्हा मुनीराभाभीनं एका दुपारी दुकानाचं शटर आतून ओढलं, मुर्तझाभाईंना स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं. रेवसपासून. त्यांच्यात ही बाब बायकांची, पुरुषांच्या कानावर पडत नाही. शेवटी तो माणूस म्हणाला, "मला वाटलं कान टोचतात तसं काहीतरी असंल." मग, "अरवा म्हणून अशी झाली?"

"व्हय," ती म्हणाली.

तीन महिन्यांत त्यांनी माणगावला एक गाळा घेतला, मागं दोन खोल्या. आई यायला तयार झाली नाही. गावातच राहिली. मुनीराभाभी दर शुक्रवारी तिच्यासाठी जेवणाचा डबा एसटीनं पाठवते. सासू डबा रिकामा करून, धुऊन परत पाठवते. त्यात चिठ्ठी नसते, निरोप नसतो. नातेवाइकांनी लग्नकार्याला बोलावणं बंद केलं, काहींनी गुपचूप फोन करून विचारलं, तुम्ही कसं जमवलं. ताहेराला कोणी कुठं नेलं नाही. सातवं संपलं, आठवं संपलं.

मागच्या वर्षी मी महाडहून पेणला येत होते. माणगावच्या स्टँडवर गाडी थांबली आणि मला फलाटाच्या बाकावर मुनीराभाभी दिसली. रिदा फिका निळा, केस पुढून पांढरे झालेले. शेजारी नऊ-दहा वर्षांची पोर, तोंडाला खळ नाही अशी बडबडणारी. बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक मोठी मुलगी, रुमाल बांधलेली, मांडीवर पिशवी घट्ट धरून समोर बघत बसलेली.

मी खिडकीतून हाक मारली. तिनं मला लगेच ओळखलं. उठून खिडकीशी आली, वर हात करून माझी बोटं धरली.

"ताहेरा ना ती?"

"तीच. चौथीत हाय. बोलते किती बघा. बाईंनी तक्रार पाठवलीय." तिच्या चेहऱ्यावर त्या तक्रारीचा अभिमान होता.

"आणि अरवा काय करते?"

"नववीत नापास झाली. पुन्हा बसायचं न्हाय म्हणाली. शिवण शिकते. हात चांगलाय तिचा." मग जराशानं, "माझ्यापेक्षा दोन वर्षं जास्त शिकली."

"बोलते तुमच्याशी?"

"कामापुरतं. बोलते की."

कंडक्टर चहा पिऊन येताना दिसला. मला इतक्या वर्षांत जे म्हणायचं होतं ते तेव्हा घाईनं म्हटलं. "भाभी, मी त्या वर्षी गेले नसते तर..."

"तुमच्यावर राग न्हाय, बाई," ती म्हणाली. "सांगायचं माझं व्हतं. थांब्यावर चार बायकांसमोर सांगून टाकलं असतं, तर तुम्ही गेला नसता."

"नसते गेले."

असं म्हणाले खरी. पण खरंच नसते गेले का, हे मला आजही सांगता येत नाही. तिकिटं काढलेली होती, एसटी समोर उभी होती, नवरा वाट पाहत होता. कदाचित मी म्हणाले असते, आल्यावर बोलू.

"हे कुठंतरी लिहिलं तर चालेल?" मी विचारलं.

"लिहा. नावं बदला." गाडी सुरू झाली. ती खिडकीसोबत चालू लागली. "आणि बाईलोकांना सांगा, शाळेतल्या. एखादी पोरगी सुट्टीनंतर मागल्या बाकावर बसली तर आधी विचारा म्हणावं. मग लिहा."

मी मान डोलावली. मग बाकाकडं बघून हात वर केला. अरवानं मान वळवली. तिनं मला पाहिलं. तीन वर्षं मी तिला शिकवलं होतं, ती मला विसरणं शक्य नव्हतं. ती क्षणभर बघत राहिली आणि मग खाली वाकून धाकट्या बहिणीच्या चपलेचा पट्टा लावू लागली. बराच वेळ लावत राहिली.

मुनीराभाभीनं मागं वळून पाहिलं, मग माझ्याकडं.

"वळखलं तिनं तुम्हाला," ती म्हणाली. "वळखलं. जरा दमली हाय."

गाडी वळली. मागून दुसरी एसटी हॉर्न वाजवत स्टँडमध्ये शिरत होती, तिच्या वाटेत मुनीराभाभी उभी होती आणि बाजूला होत नव्हती. दिसेनाशी होईपर्यंत तिचा हात वर होता.